मानाचा जांभळा फेटा

मेव्हण्याच्या लग्नात दुकानचा रंगवलेला फेटा घालायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. दुकानदाराला रंगातलं काय कळतं? मी मात्र कवठे येमाईच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक (म्हणजे परीक्षानळ्या विसळणारा), शिवाय एका मासिकातला अर्धा लेख वाचलेला.

सासरे कोंडिबामामा म्हणाले, “पाव्हणं, दुकानचा गुलाबी काय वाईट हाय?”

“मामा, तो घामानं उतरतो. मला पांढरा द्या. मी पानांचा टिकाऊ रंग देतो. उतरला, तर पुन्हा मानाचा फेटा मागणार नाही!”

अंगणातल्या कुंडीत शोभेचं जांभळ्या पानांचं झाड होतं. ते ओरबाडून पानं उकळली, वर चार थेंब लिंबू पिळलं आणि फेटा त्यात बुडवला. जांभळा रंग असा खुलला की मी बायकोला हाक मारली. “प्रतिभा, बघ! ह्या पानांचा रंग पक्का. आम्लात तर बहरतो.”

“आन् आम्ल नसलं तर?”

“तुला केमिस्ट्रीतलं काय कळतंय?” (लेखाच्या उरलेल्या अर्ध्या भागात नेमकं तेच होतं.)

दौंडच्या मांडवात मी बाकीच्या जावयांच्या फेट्यांकडे कीव करत बघत होतो. तेवढ्यात तंबाखूत चुना मळत मामा आले आणि त्याच हातानं त्यांनी माझा फेटा कौतुकानं सरळ केला. पाचही बोटं फेट्यावर हिरवीगार उमटली.

“दाजी, फेट्याला शेवाळ धरलंय!” नवरदेव दत्ता बोहल्यावरून ओरडला.

“लिंबू आणा!” मी किंचाळलो. लिंबू चोळताच हिरवं गुलाबी झालं. झालं! नवरानवरी सोडून सगळं वऱ्हाड माझ्या डोक्याभोवती जमलं. एकजण चुना लावी, दुसरा लिंबू पिळी. शेवटी प्रतिभानं फेटा ओढून काढला आणि नळाखाली साबणानं चोळला. दोन मिनिटांत पांढरास्वच्छ!

“उतरला की वो,” ती म्हणाली. एवढ्या माणसांत माझी अब्रू त्या फेट्याबरोबर धुऊन निघाली होती.

मामांनी मात्र माझ्याकडं निरखून बघितलं. फेट्याचा रंग ओघळून माझे दोन्ही कान गडद जांभळे झाले होते. त्यांनी उपरण्यानं खसाखसा पुसलं, पण रंग हलेना.

“न्हाई, पाव्हणं खोटं बोलत न्हाईत,” मामा म्हणाले. “रंग टिकाऊच हाय.”

मग त्यांनी पिशवीतून दुकानचा गुलाबी फेटा काढला. जावई ठाऊक असल्यामुळं तो त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

मी मान खाली घालून म्हणालो, “मामा, कान झाकतील असा बांधा.”