रेवणप्पांचं मन घेत न्हाई

दुसऱ्याच्या घरी गेलं की आधी घरातल्या माणसांना नमस्कार करायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. रेवणप्पा ठेकेदार आधी भिंतीवर थाप मारायचे. बैलाच्या पाठीवर मारावी तशी, सपाट हातानं. मग भिंतीला कान लावून डोळे मिटायचे. तेवढा वेळ मी, म्हणजे घराचा मालक, स्वतःच्याच दारात चोरासारखा गप्प उभा. शेवटी डोळे उघडून ते माझ्याकडे बघायचे आणि दर वेळी तेच विचारायचे,

"काय पडलं-बिडलं न्हाई न्हवं, मास्तर?"

"नाही."

"भेग?"

"नाही हो."

"बगा नीट. माझं मन घेत न्हाई."

ठेकेदार एकदा पैसे घेऊन गेला की पुन्हा तोंड दाखवत नाही, ही सगळ्या घरमालकांची तक्रार. माझी तक्रार अशी, की आमचा ठेकेदार जातच नव्हता. आणि ही तक्रार कुणापाशी करायची सोय नव्हती. शाळेत एकदा केली, तर सगळ्या शिक्षकांनी एका सुरात त्यांचा पत्ता मागितला.

दोष माझाच होता. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचो. हक्क आणि कर्तव्यं हा माझा जिव्हाळ्याचा धडा. पण परीक्षेत त्यावरचा प्रश्न ऐच्छिक असायचा, त्यामुळे मुलं तो सोडून द्यायची. आयुष्यात एकदा तरी कुणाला हा धडा पुरता ऐकवायचा, अशी माझी फार इच्छा होती. विजापूर रोडच्या अंगाला आम्ही शिक्षकांनी मिळून जमीन घेतली, तिच्यातला एक तुकडा माझ्या वाट्याला आला आणि ती संधी चालून आली.

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी सगळ्यात आधी घर बांधायला काढलं होतं. ठेकेदाराला विश्वासानं सगळी रक्कम आधीच देऊन टाकली. तो टेंभुर्णीला बहिणीकडे म्हणून गेला तो गेलाच. मास्तरांचा जिना अर्ध्यात थांबला. त्याच्या पायऱ्यांवर ते आता शेवंतीच्या कुंड्या ठेवायचे आणि आलेल्या माणसाला "ही कल्पना माझीच" म्हणून सांगायचे. ते बघून मी धसका घेतला, ओळखीच्या वकिलाचं डोकं खाल्लं आणि स्टँपपेपरवर माझ्या सुवाच्य अक्षरात करार लिहून काढला.

कराराचा मला अजून अभिमान आहे. पैसे काम चढेल तसतसे द्यायचे, सगळे आगाऊ नाहीत. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि परमिट माझ्या नावावर, म्हणून प्रत्येक रिकामं पोतं माझ्यासमोर झटकायचं. खर्च ठरल्याहून वाढणार असेल तर आधी सांगायचं, लेखी. कामावर कुणाला लागलं तर औषधपाणी ठेकेदाराचं. भिंतींना दिवसातून तीनदा पाणी मारायचं. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. आणि वर्षभरात काही फुटलं, गळलं, खचलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचं.

बायकोला, सुमनला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "आपल्या लग्नात माझ्या वडिलांना हे सुचायला हवं होतं."

रेवणप्पांना करार वाचून दाखवला तो प्लॉटवर, लिंबाच्या सावलीत. साठीला आलेला, काळाभोर, उंच माणूस. डोक्याला टॉवेल, कपाळाला विभूती. ते उकिडवे बसले आणि मी वर्गात वाचावं तसं थांबत थांबत वाचू लागलो. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, माझ्या विद्यार्थ्यांसारखेच झोपले. पण "एक वर्ष" हे शब्द आले आणि डोळे उघडले.

"एकच वर्स?"

मी सावध झालो. आता घासाघीस होणार. मनातल्या मनात माझी सहा महिन्यांपर्यंत खाली यायची तयारी होती.

"कमी हाय की, मास्तर."

"काय कमी आहे?"

"वर्स. पयल्या वर्सी घर गुमान ऱ्हातंय, नव्या सुनंवानी. खरं काय ते मागनं कळतंय की."

"मग किती लिहू?"

"मी हाय तंवर लिवा."

वकिलानं मला ठेकेदार नाही म्हणाला तर काय बोलायचं ते शिकवलं होतं. तो जास्त द्यायला लागला तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. मी गोंधळून 'आजन्म' असं लिहिलं. कुणाचा जन्म ते लिहायचं राहून गेल्याचं घरी आल्यावर लक्षात आलं. खाली त्यांनी कानडीत सही केली. ती मला वाचता येत नाही. नक्की कशावर सही झाली आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बांधकाम सुरू झालं. दुष्काळाचं मोठं वर्ष नुकतंच सरलं होतं, पण विहिरी काही भरल्या नव्हत्या. पाणी लांबून आणावं लागायचं. ते काम रेवणप्पांची बायको नीलव्वा करायची. तीही त्यांच्याएवढीच उंच, काटक बाई. डोक्यावर घागर घेऊन सकाळपासून तिच्या खेपा चालायच्या. घर बांधून होईपर्यंत दोघांनी प्लॉटवरच पत्र्याची खोपी घालून मुक्काम ठोकला होता.

पाण्याच्या कलमाची तपासणी मी जातीनं करायचो. शाळा सुटली की सायकल लिंबाला टेकवायची आणि एकेका भिंतीला तळहात लावून बघायचा. ओली लागली की मान डोलवायची. बांधकामातलं मला कळणारं तेवढं एकच होतं. एकदा मी असाच हात लावून उभा असताना नीलव्वानं वरून अख्खी घागर ओतली. माझा सदरा, घड्याळ आणि काखेतल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका, सगळं निथळायला लागलं.

"बगा मास्तर, वली हाय का?" ती वरून म्हणाली.

रेवणप्पा परांचीवर होते. ते इतके हसले की धरून धरून खाली उतरले आणि वाळूवर बसले. त्या वर्गाला मी आजवरचे सगळ्यात चांगले मार्क दिले, कारण वाचता एकही पेपर येत नव्हता.

घर झालं, वास्तुशांत झाली. रेवणप्पांनी खोपी मोडली आणि पत्रे गाडीवर घालून दोघं गेली. पावसाळा निघाला, घर गळलं नाही. मी शेवटचा हप्ता दिला. इथं दुसऱ्या कुणाची गोष्ट संपली असती.

रेवणप्पा दर सोमवारी देवळातून येताना आमच्याकडे यायला लागले. सोमवार ठरलेला. पण मनानं घेतलं नाही तर कुठलाही वार. एका रविवारी गच्चीवर बादल्या ओतून ते खाली आले, बैठकीच्या खोलीत उताणे झोपले आणि छताकडे एकटक बघत राहिले. "मास्तर, तुमी बी पडा. च्यार डोळ्यांनी बरं दिसतंय." मी पडलो. नेमका त्या वेळी शाळेचा शिपाई नोटीस घेऊन आला. सोमवारी मुख्याध्यापकांनी माझ्या तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी केली.

भिंती बघून झाल्या की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचे. सुमनचं माहेर अक्कलकोटकडचं, तिला कानडी येते. मला येत नाही. ती चहा द्यायची आणि दोघं कानडीत बोलत बसायची. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत एक कान तिकडं ठेवायचो. मला कानडीतले दोन-तीनच शब्द ठाऊक, त्यातला एक 'नीरु', म्हणजे पाणी. आणि तोच सारखा ऐकू यायचा. नीरु, नीरु. कुठंतरी गळतंय आणि हे माझ्यापासून लपवतायत! ते गेले की मी स्टुलावर चढून सगळ्या छताला हात लावून यायचो. कोरडं ठणठणीत.

कळस झाला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या, शैलाच्या, वेळेला. तिला बघायला वैरागहून पाहुणे आले होते. मुलाचे वडील आडत व्यापारी, वजनदार माणूस. पोहे झाले, शैला येऊन बसली, त्यांनी घसा खाकरून "नाव काय मुली?" म्हणून विचारलं, आणि दारात भिंतीवर थाप पडली.

रेवणप्पांनी कान लावला, डोळे उघडले आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मग मुलाच्या वडिलांपाशी येऊन अदबीनं म्हणाले, "पावणं, जरा हिकडं सरकून बसता का? त्या माळ्याखालच्या गिलाव्याचं माझं मन घेत न्हाई."

ते गृहस्थ तक्क्यासकट सरकले. त्यांच्याबरोबर सगळे सरकले. मुलगा इतका सरकला की थेट शैलाशेजारी जाऊन बसला. मी घाईघाईनं म्हणालो, "काही नाही, आमचे ठेकेदार आहेत."

"ठेकेदार?" ते म्हणाले. "आणि स्वतःच्या तोंडानं सांगतात गिलाव्याचं?"

"मग कुनी सांगायचं?" रेवणप्पा म्हणाले. "केला मीच की."

नंतर तासभर दोघं माळ्याखाली उभे राहून बोलत होते. शैलाचं नाव शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. ते स्थळ जमलं नाही. पत्रिका जुळत नाही, असं कार्ड आलं. त्याच कार्डात रेवणप्पांचा पत्ता मागितला होता.

मग मात्र मी ठरवलं, की बस. पुढच्या सोमवारी रेवणप्पांना पाटावर बसवलं, नारळ आणि नवा टॉवेल दिला आणि छोटंसं भाषण केलं. मला भाषण आवडतं. म्हणालो, "रेवणप्पा, तुम्ही कराराबाहेर जाऊन केलंत. घर उत्तम आहे. आता तुमच्यावर कसलीही जबाबदारी नाही. माझ्याकडून तुम्ही मोकळे."

त्यांनी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

"म्हंजे आता यायचं कारन न्हाई," ते म्हणाले.

"तुम्हाला त्रास कशाला, म्हणून."

"व्हय. ते बी खरंच."

वहाणा घालून ते निघाले. त्या दिवशी चहा तसाच राहिला. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती माझ्याकडे न बघता आत गेली.

दोन-तीन सोमवार शांततेत गेले. मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि सुमनला म्हणालो, "बघ, नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात."

ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, ते भिंती बघायला येत होते असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मग?"

"नीलव्वा गेली. वास्तुशांतीनंतर महिन्याभरात. ताप आला आणि गेली. तिनं पाणी घातलेलं शेवटचं घर हे आपलं."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"किती लांबून पाणी आणायची, कुठल्या भिंतीला किती घागरी लागायच्या, वाटेत कुठं टेकायची, तेच सांगत बसायचे. मूलबाळ नाही. जिथं बांधकाम तिथं दोघांनी खोपी घालायची, स्वतःचं असं घर कधी केलंच नाही. तिच्या हातचं काही उरलंय ते हेच. बाकीची घरं लांब गावोगावी आहेत, नाहीतर मालकांनी विकून टाकली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही स्टुलावर होतात."

मी सायकल काढली. रेवणप्पा गावात एका बोळात भाड्याच्या खोलीत राहायचे. खोलीत एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह आणि खुंटीला टांगलेला गवंडीकामाचा ओळंबा, एवढंच. मला दारात बघून ते ताडकन उठले.

"काय पडलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि आनंदही होता. त्या क्षणी निदान एखादी खिडकी तरी निखळलेली असती तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

"पडलं काही नाही," मी म्हणालो. वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरलो होतो. सुचेल ते बोललो. "सुमन म्हणत होती, दारापुढं एक कट्टा पाहिजे. संध्याकाळी बसायला."

"कट्टा?"

"हो. दगडाचा. तुम्हाला वेळ असेल तर."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. नागरिकशास्त्राच्या मास्तराला खोटं चांगलं बोलता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. तरी त्यांनी खुंटीचा ओळंबा काढून पिशवीत टाकला.

"किती मानसं बसनार?"

"आम्ही दोघं. आणि तुम्ही आलात की तुम्ही."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. मजूर नाही, कुणी नाही. स्वतः दगड घडले, स्वतः बसवले. मी मदतीला गेलो तर दगड पायावर पाडून घेतला, तेव्हा त्यांनी मला हात धरून सावलीत नेऊन बसवलं. पाणी सुमननं घातलं. सकाळ-संध्याकाळ पदर खोचून ती कट्ट्यावर बादली ओतायची आणि ते जवळ उभे राहून कुठं सुकं राहिलंय ते कानडीत सांगायचे.

कट्टा वाळल्यावर एका संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा बसलो. सुमननं चहा आणला. वारा चांगला सुटला होता. मी सांगितल्यापेक्षा कट्टा लांब झाला होता, हे बसल्यावर माझ्या लक्षात आलं. एका टोकाला मी, माझ्याशेजारी सुमन, मग रेवणप्पा. आणि त्यांच्या पलीकडे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा रिकामी.

सुमननं तिथं कपबशी ठेवायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. कपबशी तिनं आपल्या मांडीवर ठेवली.