कोथिंबिरीऐवजी यॉट

लग्नाला चार महिने झाले तरी आमोद आणि श्रद्धाला नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत एकमेकांशी धड भांडताही आलं नव्हतं. म्हणून गोव्यात समुद्राकाठचा आलिशान फ्लॅट दोन दिवस भाड्यानं घ्यायचं ठरलं. दोघांनीच जायचं. पण बुकिंगला आमोद आईला, आनंदीबाईंना, घेऊन गेला. आईशिवाय त्यानं आजवर रुमालसुद्धा घेतला नव्हता, तो तरी काय करणार?

एजन्सीतल्या समर्थ नावाच्या तरुणानं स्क्रीनवर फ्लॅट दाखवला. काचेची भिंत आणि पलीकडे नुसता समुद्र.

"अगं बाई! न्हाणीघरातूनही समुद्र? आणि न्हाणीघर केवढं, आमचं घर मावेल त्यात!" आनंदीबाईंनी आ वासला. पण मंडईची सवय जाते कुठे? "ठीक आहे, घेतला. वर काय देणार?"

"वर म्हणजे, मॅडम?"

"भाजीवालासुद्धा चार काड्या कोथिंबीर टाकतो हो पिशवीत. तुम्ही तर सुटाबुटातले!"

समर्थनं फळांची टोपली देऊ केली, केक देऊ केला. आनंदीबाई खुर्चीतून हलेनात. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "दोन तास यॉट देतो. बारा जणांची. पण आता उठा, मॅडम!"

"बारा जागा आणि दोघंच? छे, वाया जाईल," असं म्हणत आनंदीबाईंनी घरी पोचेपर्यंत स्वतःसकट मामा-मामी, मावशी, आत्या आणि वरच्या मजल्यावरचे दीनानाथकाका सहकुटुंब अशी सगळी बोट भरून टाकली. आमोदला तोंड उघडायला जागा उरली नाही. श्रद्धाला रडूच यायचं बाकी होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, कोणाला सांगायचं राहिलं असेल तर मी फोन करू?"

आनंदीबाई गहिवरल्या.

गोव्याच्या धक्क्यावर ती पांढरीशुभ्र यॉट पाहून सगळे जागीच थबकले. आयुष्यात कशालाही चांगलं न म्हटलेले दीनानाथकाका चपला हातात घेऊन उभे राहिले. "बरी आहे," ते कापऱ्या आवाजात म्हणाले.

कप्तानानं माणसं मोजली. चौदा भरली. "बारावर एकही नाही," त्यानं बजावलं.

रात्रीच्या बसनं कात्रजहून सरुबाई आणि महिपती हे लांबचे नातलग येऊन थडकले होते.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" मावशीनं विचारलं.

"सूनबाईंनीच फोन केला की!" सरुबाई म्हणाल्या.

श्रद्धानं जीभ चावली. "मोजायचं राहूनच गेलं हो. असू दे, मोठी माणसं आधी. आम्ही दोघं थांबतो फ्लॅटवर."

"किती समजूतदार पोर!" मावशीनं डोळे टिपले. आनंदीबाईंनी सुनेकडे एकदा बघितलं आणि त्या यॉटवर चढल्या.

फ्लॅटच्या काचेशी दोघं उभे राहिले. समोर समुद्र, आणि घरात कोणाचा खोकला नाही की कुकरची शिट्टी नाही. "एवढी शांतता असते?" आमोद कुजबुजला. श्रद्धानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

फोन वाजला. आमोदनं स्पीकर लावला.

"आमोद, दोन तास संपले की कप्तान आम्हाला आणणार होता. मी वर आणखी दोन तास मागून घेतलेत, सावकाश येतो." आनंदीबाईंच्या मागे वारा घोंगावत होता. "आणि श्रद्धाला म्हणावं, सरुबाईंनी बसची वेळ परवा मलाच विचारली होती."

श्रद्धा आ वासून फोनकडे बघत राहिली. समुद्र बघायचा राहूनच गेला.