शपथेपुरती कवळी

नानांची कवळी फुटली ती शपथेतल्या सगळ्यात अवघड शब्दावर.

सकाळची वेळ. आंघोळ करून, नवा सदरा अंगात चढवून नाना बाथरूमच्या आरशासमोर उजवा हात वर करून उभे होते. दुपारी त्यांना या देशाचं नागरिक व्हायचं होतं आणि त्यासाठी चार लोकांत शपथ म्हणायची होती. शपथेत 'एकनिष्ठ' अशा अर्थाचा एक शब्द होता. तो इथल्या भाषेत इतका लांबलचक होता की नानांना मध्येच विसावा घ्यावा लागे. आज विसावा न घेता पार व्हायचंच, असं त्यांनी ठरवलं. बेंबीपासून श्वास ओढला आणि शब्दावर तुटून पडले. शब्द अख्खा बाहेर आला. त्याच्या मागोमाग वरची कवळीही आली. ती नळावर आपटली, बेसिनच्या काठावरून उडाली आणि फरशीवर पडून तिचे सरळ दोन तुकडे झाले.

"नाना, काय पडलं हो?" बाहेर कोटाला इस्त्री करणाऱ्या लेकीने विचारलं.

"फाबण," नाना म्हणाले.

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. लेक दारात आली. तिने एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा नानांच्या आत गेलेल्या गालफडांकडे.

"हा साबण?"

"फुटला," नाना म्हणाले. दातांवाचून त्यांचा प्रत्येक स, श आणि त वाट चुकून फ होत होता. वाचकांच्या सोयीसाठी त्यांचं पुढचं बोलणं दुरुस्त करूनच द्यावं लागणार आहे.

लेकीने आधी घड्याळ पाहिलं, त्याला कारण होतं. ही दुसरी तारीख होती. पहिली आली तेव्हा बोलावणं दोघांना होतं, नानांना आणि आईला. दोघांनी अर्ज एकत्र केला होता, परीक्षेचा अभ्यासही एकाच टेबलावर केला होता. आई पहिल्या झटक्यात पास झाली, नाना दुसऱ्या. मग तारीख आली, आणि त्याच आठवड्यात आई गेली. त्या दिवशी घरातून कोणी कुठे गेलं नाही. कार्यालयाने समजूतदारपणे नवी तारीख दिली, पण सोबत बजावलं होतं की याही वेळी आला नाहीत तर अर्ज रद्द. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. तोवर नानांचं काय, हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. नाना मात्र एकच धोशा लावून बसले होते, "एवढं उरकलं पाहिजे गं. दोघांनी मिळून काढलेलं काम आहे, अर्धवट नको राहायला."

"आता काय करायचं?" लेकीने विचारलं.

"करायचं काय? सांधायची. मी काय उगाच जन्म काढला त्यात?"

ते खरं होतं. नानांचा धंदाच कवळ्या घडवण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, नाना दात पाठवत. दोन देशांतली कितीतरी माणसं त्यांच्या दातांनी जेवत होती, भांडत होती आणि फोटोत हसत होती. स्वतःची कवळी त्यांनी स्वतःच केली होती आणि "ही मला पोचवूनच तुटेल" असं ते छातीठोकपणे सांगत.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. हत्यारांच्या पेटीतून गुलाबी भुकटी आणि डोक्यात जाणाऱ्या वासाचा द्रव काढला, दोन्ही एकत्र कालवून तुकडे सांधले आणि कवळी गरम पाण्याच्या कपात सोडली. "आता हिला उबेत पडून राहू दे. घट्ट झाली की झालं," असं म्हणून ते मोजे शोधायला गेले.

एवढ्यात गाडी धुऊन जावई घरात आले. जावई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. मनुष्य सालस, मदतीला सदैव तत्पर, हीच काय ती अडचण.

"अहो," लेक आतून ओरडली, "टेबलावरच्या कपाला हात लावू नका हं! नानांचा आहे. ते गरम राहायला पाहिजे!"

जावयांनी सगळं ऐकलं आणि शेवटचं वाक्य मनावर घेतलं. कपाला बोट लावून पाहिलं तर तो कोमट लागला. शेकडो माणसांना गरम जेवण वाढणाऱ्या हाताला कोमटपणा सहन होत नाही. आणि कपात डोकवायचं कशाला? सासऱ्यांच्या काढ्याचा वास कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि बटण चांगलं सढळ हाताने दाबलं.

"घ्या नाना, वाफाळता आहे," कप पुढे करत ते म्हणाले. "हल्ली काढ्यात घालता तरी काय तुम्ही?"

नानांनी कपात पाहिलं.

"दात," ते म्हणाले.

कवळी आता एकसंध होती, यात वाद नव्हता. पण तिला आतून बाहेरून फोड आले होते आणि ती एका बाजूला अशी वाकली होती, जणू कोणाची तरी फजिती पाहून तोंड फिरवून हसते आहे. लेकीने कमरेवर हात ठेवले. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करत असल्यामुळे संतापली की तिचा आवाज उलट खाली जाई.

"मी काय सांगितलं होतं?"

"गरम राहायला पाहिजे म्हणालीस," जावई म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काहीतरी 'हं' होतं."

लेकीने दातांच्या दवाखान्यांना फोन लावले. एक म्हणाला उद्या, दुसरा म्हणाला पुढचा आठवडा, तिसऱ्याने दुखतंय का असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्याचा रसच गेला. मग नागरिकत्वाच्या कार्यालयाला लावला. तिथे एका यंत्राने तिचा फोन किती मोलाचा आहे ते सांगितलं आणि गाणं लावून दिलं.

"मी काय म्हणतो," जावयांनी भरपाई करायची ठरवली. "नानांनी नुसते ओठ हलवावेत. मी मागच्या खुर्चीवरून खणखणीत म्हणतो."

"वा! म्हणजे तुम्ही दोनदा नागरिक होणार आणि नाना एकदाही नाही."

नानांनी कवळीशिवायच म्हणून पाहिलं. उजवा हात वर केला आणि त्या लांबलचक शब्दाला हात घातला. सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा आवाज झाला. हात खाली घेऊन ते खुर्चीत बसले. मग उठून आपल्या खोलीत गेले आणि झाकणाची एक छोटी डबी घेऊन आले. लेकीने डबी ओळखली. आत, पाण्यात, आईची कवळी होती.

"ही... अजून आहे?"

"असायला काय झालं?"

पाणी नितळ होतं, आजचंच भरलेलं. "पाणी कोण बदलतं?" लेकीने विचारलं.

"कोरडी पडली की आकार जातो," नाना म्हणाले. हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण लेकीला ते मिळालं.

नानांनी कवळी तळहातावर घेतली. "तिचा जबडा लहान, माझा मोठा. पण आतून भरली तर दुपारपुरती बसेल." त्यांनी अंगठा आतल्या बाजूने हळूच फिरवला. "भरली की हा ठसा मात्र गेला. तिच्या टाळूचा आहे. माप मीच घेतलं होतं."

 जावयांनी मायक्रोवेव्हचा कप हळूच पाठीमागे नेला.

"तुझी आई काय म्हणाली असती गं?" नानांनी विचारलं.

लेकीने डबीचं झाकण उचललं. "म्हणाली असती, दात काय डबीत घालून ठेवायला केलेत?"

"छे. ती आधी जावयाला बोलली असती."

"हो, हो, मला आधी," जावई घाईघाईने म्हणाले. गुन्ह्याला शिक्षा ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

नानांनी भुकटीची बाटली उघडली.

या खेपेला जागेवरून कोणी हललं नाही. नानांनी लगदा भरला, कवळी तोंडात बसवली, काढली, घासली, पुन्हा बसवली, आणि शेवटी मान वर केली. आईचे दात बारीक आणि एकसारखे होते. तोंड मिटलेलं असलं की नाना होते. उघडलं की काहीतरी भलतंच होत होतं.

"चला रे, उशीर होतोय," नाना हसून म्हणाले.

"आलो, आई," म्हणत जावयांनी गाडीची किल्ली उचलली, आणि मग नुसते किल्लीकडे बघत उभे राहिले.

लेक बाथरूममध्ये गेली. नळ वाहत राहिला. तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोट घाला, नाना."

सभागृहाच्या दारात एक बाई प्रत्येकाचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी ताडून पाहत होत्या. नाना त्यांच्याकडे बघून मोकळेपणाने हसले. बाईंनी फोटो पाहिला, नाना पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"तोंड मिटा," लेक कुजबुजली.

नानांनी तोंड मिटलं आणि त्यांची ओळख पटली.

शपथ घेणारे पुढच्या रांगांत बसले, घरचे मागे. मंचावरच्या अधिकारी बाईंनी स्वागत केलं आणि सूचना सांगितल्या. शपथ सगळ्यांनी उभं राहून, एकत्र म्हणायची. आणि ज्यांना प्रकृतीमुळे बोलणं जमणार नाही, त्यांनी नुसता हात वर केला तरी ती शपथ धरली जाईल.

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"हे आधी कळवायला काय झालं होतं यांना?"

"कळवलं असेल," जावई म्हणाले. "मागच्या पानावर."

"मग?"

"मागचं पान कोण वाचतं?"

एरवी तिला हसू आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे तो अंगठा आला, आतल्या बाजूने हळूच फिरणारा. नुसता हात वर करून चाललं असतं. आईचा ठसा फुकट गेला होता, आणि 'दात काय डबीत ठेवायला केलेत' असं आईच्या तोंडी घालून तो घालवायला तिनेच हातभार लावला होता.

सगळे उभे राहिले. शंभर प्रकारच्या उच्चारांत शपथ सुरू झाली. तो लांबलचक शब्द आला तेव्हा अर्धं सभागृह अडखळलं, काहींनी नुसतं गुणगुणून वेळ मारून नेली. त्या गलक्यातून एकच आवाज न थांबता, एका दमात पलीकडे गेला. शपथ संपली. खुर्च्या कुरकुरल्या, माणसं बसली. अधिकारी बाईंनी टाळ्यांसाठी हात उचलले.

नाना उभेच होते. हात वरच होता. आणि त्यांनी शपथ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

शेजारच्या गृहस्थाने त्यांचा कोट ओढला. नाना थांबले नाहीत. बाईंचे हात हवेतच राहिले. सगळं सभागृह एका म्हाताऱ्याची शपथ ऐकत बसलं. या वेळी तो लांबलचक शब्द त्यांनी मध्ये विसावा घेऊन, सावकाश म्हटला. मग हात खाली घेतला आणि ते बसले. टाळ्या जरा उशिराच, पण मोठ्या झाल्या.

प्रमाणपत्र देताना बाईंनी नानांचा हात हातात घेतला, आणि लेकीला बोलावून हळूच काहीतरी विचारलं.

"नाना, त्या विचारतायत, दोनदा का म्हणालात?"

"दोनदा कुठे? एकेकदाच म्हटली," नाना म्हणाले. "पहिली तुझ्या आईची. दात तिचे, मान तिचा."

लेकीने त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. "आणि तुमची नंतर?"

"मग काय आधी? ती असताना मला कधी आधी बोलू दिलंय तिने?"

बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. लेकीने डोळे पुसले आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, की वडिलांना जरा कमी ऐकू येतं. आधी सगळ्यांबरोबर म्हटलेली शपथ त्यांना नीट ऐकू आली नसावी.

नानांना ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.