एकशे त्रेसष्ट बदल

लेख पाठवायची मुदत पाच वाजता संपणार होती आणि चार वाजून दहा मिनिटांनी सासऱ्यांनी विचारलं, "अगं, हे नंतर कोण?"

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. सुनेच्या लेखाची संदर्भसूची ते लाल पेनानं तपासत बसले होते. सून कॉलेजात हंगामी प्राध्यापिका. लेख छापून आला तर कायम, नाहीतर नव्या सत्रापासून घरी.

"कोण नंतर, बाबा?"

"सत्त्याऐंशी नंबर. ‘नंतर, ब. (२०११)’. असलं आडनाव नाही ऐकलं बुवा कधी."

एका पुस्तकाच्या लेखकाचं नाव आठवेना म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिने त्या रकान्यात ‘बघू नंतर’ असं टाकून ठेवलं होतं. सूची लावणाऱ्या प्रोग्रामने इमानेइतबारे ‘नंतर’ला आडनाव केलं, ‘बघू’चा ब केला आणि या नंतरसाहेबांना लेखात अकरा ठिकाणी साक्षीला उभं केलं.

तिने ग्रंथपालबाईंना फोन लावला.

"ते पुस्तक? अहो, दीड वर्ष तुमच्याच नावावर आहे. बरं झालं फोन केलात!"

मग कपाटं, माळा, पलंगाखालची पेटी, सगळं उलथंपालथं झालं. चार पस्तीसला नवरा खाली मान घालून म्हणाला, "जाड होतं का? निळं?"

"कुठंय?"

"ते वॉशिंग मशीन हलत होतं ना..."

मशीन ऐन पिळणीत होतं. नवऱ्याने त्याला मिठी मारून उचललं, सासऱ्यांनी पायाखालून पुस्तक ओढलं. मोकळं सुटलेलं मशीन थयथयाट करत दाराकडे निघालं, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता? पहिलं पान ओलं होतं. लेखकाच्या जागी एकच शब्द वाचता येत होता: मंडळ.

"मंडळ तर मंडळ!" म्हणत तिने सगळीकडचं ‘नंतर’ एका झटक्यात बदलायचा हुकूम सोडला. चार सत्तावन्न. पडद्यावर उमटलं, ‘एकशे त्रेसष्ट बदल झाले.’ तिने ते बाजूला सारलं आणि लेख पाठवून दिला. चार एकोणसाठ.

तिघांनी श्वास सोडला. मग सासरे सावकाश म्हणाले, "साहेब अकराच ठिकाणी होते ना गं?"

तिने फाइल उघडली. ‘लग्नानंतर मुलींचे शिक्षण’ या शीर्षकाचं ‘लग्नामंडळ मुलींचे शिक्षण’ झालं होतं. आत ‘त्यामंडळ’ होतं, ‘बाळंतपणामंडळ’ होतं, ‘सासऱ्यांच्या मृत्यूमंडळ’ही होतं.

"हे कुणाबद्दल?" सासऱ्यांनी विचारलं.

तीन आठवडे फोन नुसता वाजला तरी ती दचकायची. अखेर संपादकांचं पत्र आलं. स्वतः वाचायचा धीर होईना, म्हणून तिने ते सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी चष्मा चढवला.

"‘लेख स्वीकारला आहे. लग्नामंडळ ही संकल्पना परीक्षकांना अत्यंत मौलिक वाटली. मुलीचं लग्न एका माणसाशी नव्हे, अख्ख्या मंडळाशी लागतं, हे आपण एका शब्दात...’" सासरे थांबले.

"पुढे वाचा ना, बाबा!"

"‘मात्र या संकल्पनेचा मूळ संदर्भ सूचीत दिसत नाही. तो लेखकाच्या नावासह त्वरित कळवावा.’"