सात पॉइंट एकतीस

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मुख्य फरक असा, की न समजलेल्या गोष्टीला मान डोलावणं फक्त माणसाला जमतं. (बैलही डोलावतो, पण त्याला निदान माशा तरी हाकलायच्या असतात.) मानवजातीची सगळी प्रगती या एका मानेवर उभी आहे, आणि ही मान पारखून घ्यायची तर केस रंगवण्याच्या सलोनसारखी दुसरी जागा नाही.

गणिताच्या बाई शनिवारी सकाळी अकराला तिथे दाखल झाल्या. काम साधं होतं. त्यांच्या आईचं विसरणं दोन वर्षांत फार वाढलं होतं. मुलीला ती आता फक्त काळ्याभोर केसांवरून ओळखायची. मागच्या महिन्यात बाईंचे केस बरेच पांढरे दिसू लागले, तेव्हा आई त्यांना "या मावशी, बसा" म्हणाली. ते बाईंच्या जिव्हारी लागलं. घरी रंग लावून पाहिला, तर कान आणि उशी तेवढी काळी झाली. तेव्हा तज्ज्ञाकडून केस पूर्वीसारखे काळे करून घ्यायचे आणि चार वाजता आईला भेटायला जायचं, एवढंच होतं.

पण 'काळा' हा शब्द सलोनमध्ये वर्ज्य आहे, कारण तो गिऱ्हाइकाला समजतो. तिथले मान्यताप्राप्त शब्द पुढीलप्रमाणे. 'ग्लोबल' म्हणजे जगभर नव्हे, डोकंभर. 'हायलाइट्स' म्हणजे काही बटा फिकट, 'लोलाइट्स' म्हणजे काही बटा गडद. दोन्ही एकदम केले की दुपार जाते. 'बलायाज' म्हणजे ब्रश घेऊन हाताने, अंदाजाने फासणं (भिंतीवर असं केलं तर रंगाऱ्याला हाकलून देतात). 'टोनर' म्हणजे आधी लावलेल्या रंगाचा पश्चात्ताप. 'क्रॉस-वेव्ह सीलिंग' सर्वांना ठाऊकच असल्यामुळे त्याची फोड इथे करत नाही.

शिवाय आकडे असतात. एक म्हणजे सर्वांत काळा, दहा म्हणजे सर्वांत फिकट. पॉइंटच्या पुढे सोनेरी, राखाडी वगैरे झाक. बाईंनी अठ्ठावीस वर्षं दशांश अपूर्णांक शिकवले होते, पण ज्याची बेरीजही होत नाही आणि वजाबाकीही, असा अपूर्णांक त्यांना प्रथमच भेटत होता. खरं तर त्यांनी "एक" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"अय्या, बाई तुम्ही! ओळखलंत का? नववी ब, शेवटचा बाक!" रंगवणारी तज्ज्ञ ओरडली.

बाईंनी ओळखलं, आणि तिथेच सगळं संपलं. या मुलीला त्यांनी एकदा अख्खा तास उभं ठेवलं होतं. "समजत नाही तर मान कशाला हलवतेस? विचारायला तोंड नाही?" आता त्याच मुलीला "हे काय गं?" असं विचारायचं म्हणजे बाईंच्या जिवावर आलं.

"तुमचा अंडरटोन वॉर्म आहे ना बाई, फ्लॅट शेड हार्ड दिसेल. आपण सात पॉइंट एकतीसवर लिफ्ट करू आणि वरून ग्लॉस देऊ. कळलं ना?"

बाईंनी मान डोलावली.

अशा एका बैठकीत सरासरी बावीस माना डोलावल्या जातात. पैकी समजून डोलावलेली एक. (चहा घेणार का, या प्रश्नाला.)

तीन तासांनी आरशात ओल्या वाळूच्या रंगाचं एक डोकं दिसलं. ते आपलंच आहे हे बाईंना टॉवेल काढल्यावर पटलं.

"आवडलं ना?"

बाईंनी मान डोलावली.

"खरं सांगू का बाई?" दारापर्यंत सोडायला आलेली तज्ज्ञ हळूच म्हणाली. "यातलं निम्मं मलाही कळत नाही. ट्रेनिंगला सगळेच मान हलवत होते, मग मीपण हलवली. तुमच्या तासाची सवय होती ना!"

चार वाजता आई खिडकीशी बसली होती. तिने त्या केसांकडे बराच वेळ पाहिलं.

"आपण कोण? मला काही कळलं नाही," ती म्हणाली. (दिवसभरात 'कळलं नाही' असं वेळेवर आणि स्वच्छ म्हणणारी ही एकटीच. डॉक्टरांच्या कागदावर बुद्धी कमी झाल्याची नोंद आहे तीही हिचीच.)

"अगं आई..." बाई म्हणाल्या.

"बसा ना. माझी मुलगी येईलच एवढ्यात. तिचे केस बघाल तुम्ही, कसे काळेभोर आहेत! आहे ना वेळ तुम्हाला?"

बाईंना रडू आवरेना. त्यांनी मान डोलावली.

आता बाईंना नावं ठेवणं सोपं आहे, आणि वाचकांनी ती मनातल्या मनात ठेवलीही असतील. फक्त वरच्या यादीतलं 'क्रॉस-वेव्ह सीलिंग' एकदा पुन्हा वाचावं. असं काही कुठल्याही सलोनमध्ये करत नाहीत. ते या कथेपुरतं बनवलेलं आहे. तिथे तुम्ही थांबला नाहीत. मान डोलावून पुढे आलात.