मॅडमनं दात काढायला लावले

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी तोंड मिटून उभा आहे. त्यानंतरच्या फोटोंतही तेच (आधारकार्डावर तर मला तोंड आहे की नाही अशीच शंका येते). कारण माझे दात. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन पिवळे पडलेले आणि रांगेत उभं राहायला एकही तयार नसलेले. पण आमच्या निकिताच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पोरीशेजारी उभं राहून मोकळं हसायचंच, असं मी ठरवलं आणि वाशीमला दातांच्या डॉक्टर वैजयंती मॅडमकडे गेलो.

मॅडमनी आधी नुसते फोटो काढले. "काका, हसा. अजून हसा. सगळे दात दिसू द्या." मी समोरून, डावीकडून, उजवीकडून दात काढले. मग कॉम्प्युटरवर माझ्या चेहऱ्यावर रेघा ओढून त्यांनी नवं हसू तयार केलं. पडद्यावरचा माणूस पतसंस्थेचा अध्यक्ष वाटत होता. याला म्हणे डिजिटल स्माईल डिझाईन. दातांवरचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनियर, नंतर बसणार होते. त्या दिवशी त्याच मापाचा नमुना दातांवर चिकटवून दिला.

"घरी दाखवा, पसंत पडला तर पुढचं काम. हा उद्या काढून टाकू. कडक काही चावू नका."

आनंदाच्या भरात मी बसस्टँडवरूनच बायकोला फोन लावला. "निता, मॅडमनं मले लय येळ दात काढायले लावले! सारे दात दिसू द्या म्हने!"

आमच्याकडे दात काढणं म्हणजे हसणं. निताला ते कळलं. तिनं लगेच मेडशीला तिच्या आईला फोन केला. त्यांचं बोलणं मला नंतर समजलं.

"आई, ह्याइले दवाखान्यात दात काढायले लावले."

"अवं माय! किती?"

"सारेच."

दवाखान्यात दात काढणं म्हणजे मात्र उपटणंच. माझ्या सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, रडतरडत अनसिंगला निकिताच्या होणाऱ्या सासूला कळवलं. आमच्या मुलखात खर्रा खाणाऱ्याचे सगळे दात काढले म्हटलं, की लोक एकाच रोगाचं नाव घेतात, तेही हळू आवाजात.

मी घरी पोचलो तर होणारे व्याही उकंडराव खुर्चीत बसलेले. नुसतं हसायला लावलं हे सांगूनसांगून निताचा चेहरा उतरलेला, निकिता दाराआड.

"पाव्हणे, बिमारी लपवून साक्षगंध करून राह्यले काय? सांगून देल्लं असतं तं थांबलो असतो आमी."

"कायची बिमारी? हे पाहा!" मी दात काढले.

उकंडराव वाकून बघत राहिले. "कवळी तं झकास बसवली."

"कवळी नाही, माह्येच दात हायेत!"

"इतके पांढरे? खर्रा खाऊन?"

वरून चिकटवलेत म्हटलं असतं, तर कवळीच ठरली असती. पोरीचं लग्न माझ्या दातांपायी मोडायची वेळ आली. समोर तबकात सुपारी होती.

"कवळीनं सुपारी फुटते काय? पाहा मंग!" म्हणत मी अख्खी सुपारी समोरच्या दातांत धरली आणि होता नव्हता तो जोर लावला.

कट्ट! सुपारी शाबूत. मॅडमचं डिझाईन माझ्या तळहातावर.

"बाबा!" निकिता ओरडली.

उकंडरावांनी मोबाईलचा टॉर्च लावून एकेक पिवळा, तिरका दात तपासला (बैल घेतानाही माणूस इतका वेळ लावत नाही). मग माझ्या पाठीवर थाप मारून निताला म्हणाले,

"विहीनबाई, च्या ठेवा. साक्षगंध ठरल्या दिवशीच. हे दात ह्याइचेच हायेत. असे कोनी पैसे देऊन बसवत नाही."