उलटे चालणारे हिराजीअण्णा

आमच्या शेजारचे हिराजीअण्णा भोईर चहा पिऊन निघाले की कधी पाठमोरे होत नाहीत. कप खाली ठेवतात, हात जोडतात आणि आमच्याकडे बघत बघत उलटे चालत दारापर्यंत जातात. आमच्या सोफ्यापासून दार साडेअकरा फुटांवर आहे, मी मोजलंय. सहा वर्षांत ते तीनदाच धडकले. दोनदा चपलांच्या कपाटाला, एकदा माझ्या सासूबाईंना.

याला कारण आहे. अण्णांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात एकतीस वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. वरातीत नवरा-नवरी पुढे येणार, तेव्हा कॅमेरावाल्याने त्यांच्याकडे तोंड ठेवून मागे मागे जायचं. ‘पाठ दाखवली की शॉट गेला,’ हे त्यांचं पालुपद. मागचे खड्डे, पायऱ्या, वायरी बघायला त्यांची बायको ताराबाई असायची. एका हातात हॅलोजनचा दिवा, दुसऱ्या हातात अण्णांच्या शर्टाचं टोक. ताराबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. अण्णांचं चालणं तसंच राहिलं.

या दिवाळीत अण्णांच्या मुलाने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. निघायला एकवीस दिवस उरले होते. हे ठरलं त्याच दिवशी अण्णा आमच्याकडे आले.

‘कांबळेसाहेब, मी पिच्चर काढतो. तुमची प्रज्ञा पायजे.’

प्रज्ञा माझी मुलगी, अकरावीत आहे.

‘कसला पिक्चर?’

‘तीन पोरं. त्यांना खदानीत निळा दगड गावतो. हात लावला की शक्ती येते. मग पोरं गायब. मागं फकस्त त्यांनी केलेली शूटिंग सापडते. तीच आपण लोकांना दाखवायची.’

‘म्हणजे सिनेमा तुम्ही काढणार आणि तो कुणाला तरी सापडला म्हणून सांगणार. हे खोटं झालं.’

‘लग्नात नवरी चार तास हसते ते काय खरं असतं?’

मी प्रज्ञाला हाक मारली. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. माझा हा स्वभाव पाहून अण्णांनी मला वही दिली. कोणत्या शॉटमध्ये कुणाची किती बटणं लावलेली होती, हे लिहायचं काम. दुसऱ्याच दिवशी मी दाखवून दिलं, की दगड एका शॉटमध्ये डाव्या हातात आहे आणि पुढच्यात उजव्या.

‘शक्तीचा दगड हाय,’ अण्णा म्हणाले. ‘हात बदलतो.’

आमच्याच बिल्डिंगमधल्या साहिलला उडण्याची शक्ती मिळाली. त्यासाठी एक प्लास्टिकचं स्टूल, दोन टेबलफॅन आणि पांढरी चादर लागली. अण्णा जमिनीवर आडवे पडून खालून शूटिंग करायचे. साहिलच्या मागे फक्त आभाळ दिसायचं. उल्हासनगरहून येणारा करण प्रज्ञाच्या वर्गातला. त्याला वस्तू नुसत्या नजरेने हलवता यायच्या. चमच्याला बांधलेला दोरा मी ओढायचो.

‘अण्णा, वो उड रहा है और मैं चमचा हिला रहा हूँ,’ करण कुरकुरला. ‘हे बरोबर नाही ना.’

‘चमचा नीट हलव, मग टेबल देतो.’

प्रज्ञाची शक्ती अशी, की एखाद्या जागी पूर्वी कोणी काय बोललं ते तिला ऐकू येई. या शक्तीला पंखा लागत नाही म्हणून ती दिली असावी, असं मी धरून चाललो.

उरला शेवटचा शॉट. पालेगावात एका अर्धवट इमारतीच्या वॉचमनने परवानगी दिली होती. गायब होण्याआधी तिघं चादरी पांघरून जिना उतरतात आणि कॅमेरा त्यांच्यापुढे मागे मागे येतो, न तुटता. दोन मजले, चव्वेचाळीस पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बांबूचा कठडा. पहिल्या दिवशी अण्णा तिसऱ्या पायरीवर पडले. दुसऱ्या दिवशी सातव्या. कोपर सोलवटलं. मुलाचा फोन आला, ‘बाबा, आता बास. परवा निघायचंय.’

‘कॅमेरा माझ्याकडे द्या,’ साहिल म्हणाला.

अण्णांनी दिला नाही. ‘ह्यो शॉट नाय, तर पिच्चर नाय,’ ते मला हळूच म्हणाले. ‘अन् पिच्चर नाय झाला, तर मी नाशकाला नुसता जागा बदलून बसायला चाललो.’

मी वही खाली ठेवली. ‘मी मागे उभा राहतो.’

अण्णांनी शर्टाचं टोक बाहेर काढलं. ‘इथं धरा. पायरी आली की पायरी म्हणा. अन् हलू म्हणा.’ त्यांच्या आगरी बोलीत हळूचं हलू होतं.

‘हलू म्हणजे किती? मी आकडा सांगतो. आकड्यात चूक होत नाही.’

अण्णांनी कॅमेरा उचलला. ‘बरं. तुमचा आकडा सांगा.’

ऊन तिरकं होऊन जिन्यात शिरलं होतं आणि सिमेंटची धूळ त्यात तरंगत होती. तिघं मुलं चादरींत खाली येऊ लागली. पाय झाकलेले होते. ती पायऱ्या उतरत आहेत असं वाटतच नव्हतं, कोणीतरी त्यांना वरून अलगद सोडत असावं. मागे पालेगावचे नवे टॉवर धुरकट निळे दिसत होते. माझ्या मुठीत घामेजलेल्या शर्टाचं टोक, आणि मी म्हणत होतो, सात, आठ, नऊ. चव्वेचाळीसला जमीन आली.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णांच्या रिकाम्या खोलीत, बांधलेल्या गाठोड्यांवर बसून आम्ही सिनेमा पाहिला. अडतीस मिनिटांचा. साहिल खरोखर उडत होता. शेवटी जिना आला. प्रज्ञा थबकली, तिने कान दिला. माझा आवाज आला, ‘सात.’ वाटलं, हा काढायला हवा होता. तेवढ्यात लांबून बँड वाजल्यासारखं वाटलं आणि एक बाई म्हणाली, ‘पायरी हाय. हलू.’

मी ‘आठ’ म्हणालो. ती म्हणाली, ‘हलू.’ चव्वेचाळीस पायऱ्या आम्ही दोघांनी मिळून अण्णांना उतरवलं.

दिवा लागला. अण्णाच म्हणाले, ‘एकतीस वर्षं मिक्सिंगवाला ताराचा आवाज पुसून वर गाणं टाकायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मधीच ही बाई कोन बोलते? मूळ कॅसेटी मी ठेवल्या, त्यातलाच ह्यो आवाज. म्हटलं, असा पिच्चर काढू, ज्यात मागचा आवाज कापायचा नसतो.’

सकाळी मुलगा गाडी घेऊन आला. बिल्डिंगमधले सगळे जिन्यात जमले. अण्णांनी हात जोडले आणि आमच्याकडे बघत बघत उलटे निघाले. मी गर्दीतून वाट काढली, त्यांच्या मागे गेलो आणि शर्टाचं टोक धरलं.

‘पायरी आहे, अण्णा,’ मी म्हणालो. ‘हलू.’

अण्णा थांबले. मग पुढची पायरी ते हलूच उतरले.